घर तारण ठेवून मॅथेमॅटिकल फायनान्सची मास्टर्स करावी का?

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरमधल्या एका वाचक ताईंनी पत्रातून विचारलंय, त्यातला मुख्य भाग असा: "वय २६, कॉम्प्युटरची बी.टेक., मिहानमध्ये आयटीत नोकरी, हातात ६२ हजार येतात. अमेरिकेत मॅथेमॅटिकल फायनान्सची दीड वर्षाची मास्टर्स करायची आहे. खर्च ६० लाख. घर तारण ठेवून ४० लाख कर्ज, १५ लाख बाबांच्या सीनियर सिटिझन बचत योजनेतून, ५ लाख माझे. बाबा कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेत. जाऊ का?"

जा. पण पैशाची ही मांडणी नको, आणि यंदा नको.

आधी बाबांच्या १५ लाखांचं बोलू. त्यांनी त्या योजनेत पूर्ण ३० लाख ठेवलेत असं तुम्ही लिहिलंय. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये खात्यात येतात, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. ईपीएसची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन बहुतेकांना काही हजारच असते. तेव्हा महिन्याचा किराणा, आईची औषधं, मे महिन्यात एसीचं बिल, सगळं याच व्याजावर चालत असणार. १५ लाख काढले की ते व्याज निम्म्यावर येईल, शिवाय मुदतीआधी काढल्याची कपात. तुम्ही पैसे परत कराल याबद्दल मला शंका नाही. पण मधली चार-पाच वर्षं आईबाबांनी काटकसरीत काढायची, आणि ते तुमच्यापाशी बोलूनही दाखवणार नाहीत. या पैशाला हात लावू नका.

आता कर्ज. १०.५ टक्के धरू. शिक्षण आणि नंतरची सवलत मिळून दोन वर्षं हप्ता नाही, पण व्याज चढतच असतं. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असं धरलं तर ८ लाख ४० हजार. म्हणजे ४८ लाख ४० हजारांवर दहा वर्षांचा हप्ता सुमारे ६५,३०० रुपये. आजचा तुमचा अख्खा पगार त्याला पुरत नाही. अमेरिकेत नोकरी लागली तर हा हप्ता सहज निघेल. पण पदवीनंतर ओपीटीचं, म्हणजे तिथे काम करायच्या तात्पुरत्या परवानगीचं, एक वर्ष, आणि अभ्यासक्रम स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या गटात) असेल तर आणखी दोन, एवढीच मुदत हातात असते. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, आणि तो नशिबावर. म्हणून हिशोब परत यावं लागलं तर काय, असा करायचा. मुंबई-बंगळुरूत परदेशी बँकांच्या क्वांट (गणिताने किंमत आणि जोखीम मोजणाऱ्या) आणि रिस्क मॉडेलच्या टीम आहेत, तिथे ही पदवी चालते. तिथल्या पगारातून भाडं देऊन हप्ता ४० टक्क्यांच्या आत बसेल, तेवढंच कर्ज घ्या. सवलतीच्या काळात चढणारं व्याज शक्य असेल तेवढं भरत राहा. याच ४० लाखांवर ते सगळं भरलं, तर हप्ता ५४ हजारांवर येतो.

शिक्षण कर्जाच्या व्याजाची आयकरात वजावट आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत, आणि भारतात करपात्र उत्पन्न असेल तरच. तिच्या भरवशावर गणित मांडू नका. आणि कर्जाएवढा टर्म इन्शुरन्स निघण्यापूर्वी घ्या. तुमच्या वयाला तो स्वस्त पडतो. घर बाबांच्या नावावर आहे, सहकर्जदारही तेच असतील. तुम्हाला काही झालं तर बँक त्यांच्याकडेच येणार.

खरी जोखीम मला विषयात दिसते. तुमच्या पत्रात फी, रँकिंग, पॅकेज सगळं आहे, गणिताबद्दल एक ओळ नाही. ऑप्शनची किंमत काढायचं ब्लॅक-शोल्सचं सूत्र १९७३ सालचं, आज ते कुठलाही ऑनलाइन ऑप्शन कॅल्क्युलेटर सोडवतो. नोकरी मिळते ती त्यामागचं गणित येतं म्हणून. ब्राउनियन गतीच्या (शेअरच्या भावासारख्या बेभरवशाच्या चालीच्या) छोट्या छोट्या बदलांचे वर्ग घेऊन बेरीज केली, तर ती शून्याकडे न जाता थेट गेलेल्या वेळेइतकी येते. नेहमीचं कॅल्क्युलस इथे मोडतं आणि इटोचं सूत्र लागतं. हे वाचून वही पुढे ओढावीशी वाटली का? वाटली असेल तर ही मास्टर्स तुमच्यासाठी आहे. नुसत्या पगारासाठी जाणार असाल तर दीड वर्ष फार जड जाईल.

ते तपासायला ६० लाख लागत नाहीत. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या एम.स्टॅट. प्रवेश परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढा आणि सहा महिने दर रविवारी एक, घड्याळ लावून सोडवा. जमू लागलं तर पात्रता पाहून तिथेही अर्ज करा. शिकवणी शुल्क नाही, वर विद्यावेतन मिळतं. तिथून याच क्वांट टीममध्ये मुलं जातात, घर तारण न ठेवता. माझी मुलगी असती तर मी तिला हा दरवाजा आधी ठोठावायला सांगितलं असतं.

अमेरिकाच हवी असेल तर स्वस्त कॉलेजं आधी बघा. न्यूयॉर्कचं बरूक सरकारी आहे, फी नामांकित खासगी विद्यापीठांहून बरीच कमी, प्रवेश मात्र अवघड. दरम्यान वर्षभर महिन्याला २५ हजार बाजूला टाका, तीन लाख होतील. डॉलर २०१५ मध्ये ६५ च्या आसपास होता, आता ८५ च्या वर गेलाय. तेव्हा फीचा आकडा रुपयांत मांडताना दहा टक्के जास्त धरा.

कर्जाचं मंजुरीपत्र हाती आलं की बाबांना शेजारी बसवून प्रत्येक पान वाचा. व्याज बदलतं आहे की स्थिर, हप्ता नेमक्या कुठल्या महिन्यात सुरू होतो आणि तारण कधी सुटतं, या तीन ओळींखाली पेनाने रेघ मारा. सही त्यानंतर.