मर लागलेली डाळिंबं मिनी ट्रॅक्टरने निघतील का?

तुमचा प्रश्न: मर रोगाने वाळलेली पंचवीस-तीस झाडं, मित्रांचे दोन मिनी ट्रॅक्टर, जेसीबी बोलवायचा का?

नको. दोन ओळींच्या मधे जेसीबी घातलात तर चांगल्या झाडांच्या फांद्या मोडतील. आम्ही चौघांनी इर्जिक घालून, म्हणजे मजुरी न घेता एकत्र राबून, १८ एचपीच्या ट्रॅक्टरने काढली. (जेवण अर्थातच बागवाल्याकडे.)

आधी फांद्या छाटा, पण खोड कमरेइतकं ठेवा. बुंध्याभोवती फूटभर खणून जाड मुळ्या कुऱ्हाडीने तोडा. साखळी खोडाला वर बांधा, ट्रॅक्टरला मात्र खालच्या ड्रॉबारलाच (मागच्या ओढायच्या पट्टीला). टॉपलिंकला (अवजाराच्या वरच्या जोडाला) अडकवली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालकावर उलटतो. लो गिअर, हळू ताण, झटका अजिबात नाही. साखळीवर ओलं पोतं टाका, बाकीच्यांनी लांब उभं राहायचं. हलत नसेल तर अजून खणा, रेस वाढवू नका.

खरी चूक पुढे होते. हा रोग सेरॅटोसिस्टिस बुरशीचा; ती मुळांत आणि मातीत राहते, पाण्याबरोबर आणि अवजारांबरोबर पसरते. खोड आडवं कापलंत तर तपकिरी-काळपट डाग दिसतील. ते झाड निरोगी ओळींतून फरफटत नेऊ नका, आहे तिथेच जाळा. सरपणाला बांधावर रचलंत तर त्यातला खोडकिडा बागेत परत येतो.

आणि मित्राचा ट्रॅक्टर परत जाण्याआधी टायर, साखळी, कुदळ धुवा. त्याचीही डाळिंबाची बाग असेल ना?