नॉइज, नॉइसम आणि बोट लागणे

प्रश्न असा आहे: मुलाच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी ‘बॉइस्टरस’ असा शेरा मारलाय, ही तक्रार समजायची की कौतुक? आणि ‘राउडी’, ‘ऑब्स्ट्रेपरस’, ‘रॉकस’, ‘नॉइसम’ हे सगळे त्याच अर्थाचे का?

आधी ‘नॉइसम’ यादीतून काढा. लाउडस्पीकरविरुद्धच्या अर्जांत, सोसायटीच्या नोटिसांत हा शब्द ‘नॉइज करणारा’ म्हणून बिनदिक्कत वापरलेला दिसतो आणि दर वेळी डोकं उठतं. नॉइसम म्हणजे उग्र वासाचा, किळसवाणा, अपायकारक. रात्री दहानंतर डीजे चालू आहे म्हणून ‘नॉइसम’ असं लिहून अर्ज दिलात, तर तुम्ही गटार तुंबल्याची तक्रार केलीत. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे. ती मोडली हे सांगायला ‘नॉइझी’ पुरतो. नॉइसममधला ‘नॉय’ हा ‘अनॉय’चा उरलेला तुकडा. अनॉय आला लॅटिन ‘इन ओदिओ’वरून, म्हणजे ‘तिटकाऱ्यात’. १६११च्या इंग्रजी बायबलात ९१व्या स्तोत्रात ‘नॉइसम पेस्टिलन्स’ आहे. ती जीवघेणी साथ आहे, ढोलताशे वाजवत आलेली नाही.

बाकीचे भराभर. बॉइस्टरस म्हणजे धसमुसळा, दंगेखोर, पण मनात खोट नसलेला. ‘बॉय’शी त्याचा काही संबंध नाही, मुलींनाही तो खुशाल लावावा, पूर्वी तो वाऱ्याला आणि खवळलेल्या समुद्राला लावत. राउडीत मात्र दांडगाईचा, तोडफोडीचा धाक आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या रानवट वस्त्यांवरच्या भांडखोराला हे नाव पडलं. बेळगावकरांना जास्त सांगायला नको, कर्नाटक पोलीस कोणाच्या नावाने ‘रावडी शीट’ (गुंडाची पोलीस नोंद) उघडतात ते त्यांना ठाऊक आहे. ऑब्स्ट्रेपरसमध्ये लॅटिन ‘स्त्रेपेरे’ (गलका करणे) आणि ‘ओब’ (विरुद्ध) आहेत. म्हणजे ‘गप्प बस’ म्हटल्यावर जो आवाज चढवतो तो. बाईंनी हा शब्द लिहिला असता तर शाळेत जाऊन भेटावं लागलं असतं.

पण खरी गंमत ज्या साध्या ‘नॉइज’कडे कोणी ढुंकून बघत नाही त्याच्यात आहे. नॉइज आला लॅटिन ‘नाउसेआ’वरून, जुन्या फ्रेंचमार्गे. तोच आपला नॉसिया, मळमळ. आणि मळमळ तरी कसली? ग्रीक ‘नाउस’ म्हणजे जहाज. त्यावरून जहाजावर होणारी ती. आपल्याकडे कोकणच्या बोटींवरचे उतारू ज्याला ‘बोट लागणे’ म्हणत, तंतोतंत तेच. हा ‘नाउस’ संस्कृत ‘नौ’चा सख्खा भाऊ, त्यामुळे आपली नाव, नौका, नाविक हे सगळे नॉइजचे नातेवाईक. (नाव म्हणजे होडी. ‘नाव काय तुझं?’ मधलं नाव ‘नाम’वरून, त्याला इथे आणू नका.)

इथे काही कोशकार ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ असं लिहून हात झटकतात, आणि काही ‘नोक्सिआ’ (इजा, अपाय) हे मूळ पुढे करतात. हात झटकणाऱ्यांना एकवेळ माफ करता येईल. नोक्सिआवाल्यांनी मात्र आपला कान तपासून घ्यावा. लॅटिनमधला ‘आउ’ आणि त्याच्यामागून येणारा ‘इ’ यांचं जुन्या फ्रेंचमध्ये ‘ओइ’ होतं. ‘गाउदिआ’ (आनंद) याचा जो ‘जॉय’ झाला तो याच वाटेने. मग ‘नाउसेआ’चा ‘नॉइज’ होण्यात अडचण कुठे आली? उलट ‘नोक्सिआ’ फ्रेंचमध्ये आला असता तर त्याचा स्वर ‘उइ’कडे वळला असता आणि शेवटी खणखणीत ‘स’ उरला असता, जसा ‘कोक्सा’चा (कंबरेचं हाड) ‘क्वीस’ (मांडी) झाला. त्याच अपायाच्या कुळातला ‘नोकेरे’ (इजा करणे) खरोखरच ‘उइ’च्या वाटेने गेला, आणि त्याचा वंशज ‘न्यूसन्स’ इंग्रजीत सुखाने नांदतोय. एकाच कुळातले दोन शब्द दोन दिशांना कसे गेले, हे सांगण्याची जबाबदारी नोक्सिआवाल्यांची आहे.

उच्चाराचा हिशेब असा चोख लागतो. अर्थाचा थोडा ताणावा लागतो, हे खरं. लॅटिन नाउसेआत आवाज नाही. पण त्यात पुढे किळस, वैताग, जीव नकोसा होणे हे अर्थ शिरले. वैतागातून भांडण, भांडणातून कल्ला. जुन्या फ्रेंच ‘नॉइझ’मध्ये भांडण आणि गलका दोन्ही होते, आणि आजच्या फ्रेंचमध्येही ‘शेर्शे नॉइझ’ सारख्या शब्दांची जोडी ‘भांडण उकरून काढणे’ या अर्थाने शिल्लक आहे (आजचा उच्चार ‘न्वाझ’). इंग्रजांनी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला शब्द उचलला आणि हळूहळू भांडण गाळून आवाज तेवढा ठेवला. माझं मत विचाराल तर वैतागाचा हा वळसाही घ्यायला नको. समुद्र चढलेला, तळघरात माणसं कोंबलेली, निम्मी कण्हतायत, निम्मी देवाचा धावा करतायत: तिथे मळमळ आणि गोंगाट या दोन गोष्टी वेगळ्या काढून दाखवा.

हो, ‘रॉकस’ राहिलाच. लॅटिन ‘राउकुस’, घसा बसलेला, घोगरा. म्हणून तो आवाजाला, हसण्याला, कावळ्यांच्या काव-कावीला, फार तर पार्टीला किंवा जमावाला लावतात. एकट्या मुलाच्या स्वभावाला लावला तर खटकतो. प्रगतिपुस्तकात बाईंनी तो टाळला, बरोबर केलं. आणि त्यांचं ‘बॉइस्टरस’ ही तक्रारच आहे, फक्त हसत केलेली. वर्गात पोराला जरा आवरा.