पाण्याखालच्या सामानासाठी धागा निवडताना

डायव्हिंगच्या वजनांचे खिसे आणि पट्टे घरी शिवणार असाल, तर सुती धागा पूर्णपणे टाळावा, कारण सतत ओलसर राहिलेले सूत कुजते. नायलॉन मजबूत आणि ताण सोसणारा असला तरी तो पाणी शोषतो आणि उन्हाने लवकर कमकुवत होतो, म्हणून माझी पसंती बाँडेड पॉलिएस्टरलाच (म्हणजे पदर सुटू नयेत म्हणून लेप दिलेल्या पॉलिएस्टर धाग्याला) आहे. खिशांना टेक्स ७० पुरतो (टेक्स हे धाग्याच्या जाडीचे माप; आकडा मोठा तितका धागा जाड). भार पेलणाऱ्या पट्ट्यांना मात्र टेक्स १३५ घ्यावा, जो घरगुती मशीनला बहुधा झेपत नाही. पट्ट्याच्या जोडावर चौकोन शिवून त्यात फुली घालावी, पण टाके फार जवळ घेऊ नयेत, कारण सुईच्या छिद्रांच्या ओळीवरच पट्टा फाटतो. टाका उसवलेला दिसल्यास तो पट्टा पाण्यात नेऊच नये.