चिऊ, 'लोक' म्हणजे कोण विचारलंस ना

चिऊ, परवा व्हिडिओ कॉलवर तुझे बारीक कापलेले केस बघून आजी म्हणाली, "अगं बाई, लोक काय म्हणतील!" आणि कॉल संपल्यावर तू विचारलंस, आई, कोण लोक, ते मला ओळखतात तरी का? तेव्हा मी विषय बदलला, पण लागलं ते मला, म्हणून लिहितेय.

ते लोक म्हणजे आमची कराडची आळी गं. अप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून डबा यायचा, रात्री जागायला पोरं आपणहून यायची. आजीचं सगळं आयुष्य त्याच लोकांत गेलं, तिला त्यांचा धाक आहे तसा आधारही आहे. पण त्यांच्याच धाकानं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आत्या बाहेर यायची नाही, विधवा ना. आत ओट्यापाशी बसून तिळगुळाच्या पुड्या बांधायची, मी त्या बाहेर नेऊन वाटायचे, आणि आत्या कुठंय असं एकही बाई विचारायची नाही.

आबांना हे फार खुपायचं. मग ते समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांचं काढायचे. आपल्या कराडजवळच्या टेंभूचे, जन्म १८५६ चा, घरी गरिबी, तरी पुण्याला जाऊन एम.ए. झाले. १८८८ ला 'सुधारक' नावाचं वर्तमानपत्र काढलं आणि बालविवाह, केशवपन सगळ्यावर सडकून लिहिलं. केशवपन म्हणजे नवरा गेला की बाईचं डोकं भादरायचं, तिला विचारायचंसुद्धा नाही. तर पुण्यातल्या सनातन्यांनी काय करावं, माणूस जिवंत असताना त्याची प्रेतयात्रा काढली! तरी लिहायचे थांबले नाहीत. दम्यानं बेजार, १८९५ ला चाळिशीच्या आतच गेले, तेव्हा फर्ग्युसनचे प्रिन्सिपल होते.

मला लहानपणी वाटायचं, आबांना एवढं पटतं तर आत्याला हाताला धरून बाहेर का नाही आणत? राग यायचा. आता वाटतं, हसणारे परके असते तर आणलंही असतं, पण ते डबा आणणारेच होते ना. आगरकरांनाही ती तिरडी नाचवणारे रोज रस्त्यात भेटतच असणार, आणि तरी त्यांनी लिहिलं, हे मला अजून झेपत नाही.

केस तुझे आहेत, हवे तसे ठेव. रविवारी कॉलवर टोपी घालून मात्र बसू नकोस, तशीच बस, आजीला होईल सवय, नाही झाली तरी बस. आणि जमलं तर आत्याबद्दल विचार तिला, पण भांडायच्या सुरात नको. नाही विचारावंसं वाटलं तरी चालेल.

तुझी आई