गाडी ज्याची जळाली, त्याच्या घरी आधी जा

प्रश्न : ताई, आमचं तालुक्याचं गाव. मोबाइलवरच्या एका स्टेटसवरून गेल्या महिन्यात बाजारपेठेत दगडफेक झाली. एका बागवानाची फळांची हातगाडी जाळली. चार पोरं कोठडीत आहेत. शांतता समितीची बैठक झाली. नेहमीचीच माणसं, चहा, फोटो. बागवान तक्रार द्यायला निघाला तर दोन्हीकडचे पुढारी म्हणतात, ‘आता मिटलंय, उकरून काढू नका.’ आम्ही सातजणी आहोत. हिंदू, मुसलमान आणि एक ख्रिस्ती नर्सबाई. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक भगिनी

उत्तर : आधी त्या बागवानाच्या घरी जा. त्याच्या बायकोशी बोला. त्याची तयारी असेल तर दोघीतिघी त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जा, आणि त्यात एक तरी हिंदू असू द्या. फिर्याद नोंदवली की तिची प्रत फुकट मिळणं हा त्याचा कायदेशीर हक्क आहे, ती मागून घ्या. नोंदवूनच घेत नसतील तर सगळी हकिकत लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. गाडी, माल, तराजू, सगळ्याची किंमत आजच लिहून काढा. मिटलं की नाही हे ज्याची गाडी जळाली त्यानं सांगायचं, पुढाऱ्यांनी नाही.

मग त्या चार पोरांच्या आयांकडेही जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. हे त्या आयांना कुणी सांगितलेलं नसतं. बागवानाबरोबर ठाण्यात गेलेल्या बायकाच आपल्या दारात आल्या, हे त्या विसरणार नाहीत.

आता समितीचं. मी भिवंडीची. नगरपालिकेच्या शाळेत शिकवण्यात माझा जन्म गेला. १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून इथं दंगल झाली, तिच्या चौकशीला न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमला होता. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा पेटलं. त्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा माझ्या वर्गातली अकरा मुलं आली नव्हती. काहींची घरं गेली होती, काहींचे आईबाप यंत्रमाग बंद पडल्यावर गाव सोडून गेले होते.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या. त्यांनी पुढाऱ्यांना बाजूला ठेवलं. मागवाले, रिक्षावाले, दुकानदार, आमच्यासारख्या शिक्षिका, त्याच गल्लीत राहणारी दोन्ही धर्मांची माणसं घेतली आणि प्रत्येक समितीला ठाण्यातला माणूस जोडून दिला. आमच्या पहिल्या बैठकीत धर्मावर कुणी चकार शब्द काढला नाही. दोन तास बोलणं झालं ते तुंबलेल्या नाल्यावर, बंद दिव्यावर आणि मटक्याच्या अड्ड्यावर. हवालदार वहीत लिहून घेत होता. नाला उपसला गेला आणि पुढच्या बैठकीला बसायला जागा पुरली नाही. तिथंच माझी एका खालाशी ओळख झाली. त्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, त्यांचा नातू माझ्या वर्गात होता.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली, त्यानंतरच्या एका रात्री आमच्या गल्लीत बातमी आली की पलीकडे आपल्या एका पोराला भोसकलं. पोरं काठ्या घेऊन बाहेर पडली. मी किराणावाल्याच्या फोनवरून खालांच्या शेजारी फोन लावला. दहा मिनिटांत त्यांचा निरोप आला, ‘बाई, इधर कुछ नहीं हुआ.’ तो पोरगा कल्याणला मामाकडे जेवत होता! मुंबईत त्या डिसेंबर-जानेवारीत ९०० माणसं मेली, हा त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. भिवंडीत दंगल झाली नाही. माझ्या एका फोनने ती थांबली असं मी कधीच म्हणणार नाही. गल्लोगल्ली असे फोन झाले, आणि ते करता आले कारण चार वर्षं नाल्यावरून का होईना, आम्ही एकमेकींशी भांडत होतो.

मुंबईतही दंगलीनंतर माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पोलीस आणि वस्तीतली पोरं यांचे क्रिकेटचे सामनेही त्यातून सुरू झाले.

पण भिवंडीचं पुढचंही सांगायला हवं. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानाशेजारच्या पोलीस ठाण्याच्या जागेवरून इथं तंटा पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले, आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. माझ्या मते तोवर आमची समिती नावापुरती उरली होती. अधिकारी बदलले, वही कुणी उघडेना, आम्हीही बोलावणं येईल म्हणून बसून राहिलो. ते मला अजून सलतं. म्हणून सांगते, तुमची वही तुमच्याच घरी ठेवा. साहेब चांगले असोत की नसोत, महिन्याच्या ठरल्या वारी बसा.

बैठकीत सणांच्या तारखा मात्र सहा महिने आधी बघा. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, तेव्हा मुंबईतल्या मुस्लीम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. असं ऐन वेळी अनोळखी माणसांत ठरत नाही. मोबाइलवरच्या अफवेसाठी पेठेच्या दोन्ही टोकांना एकेक बाई ठरवा, अशी की रात्री दोनला फोन केला तरी ती दारापर्यंत जाऊन बघून येईल.

पहिली बैठक नर्सबाईंच्या घरी घ्या. त्यांच्याकडे सगळ्या जातीधर्मांच्या बायका आधीपासून येत असणार. बागवानाच्या बायकोला त्या दिवशी पाहुणी म्हणून नव्हे, आठवी सभासद म्हणून बोलवा. आणि त्याची गाडी पुन्हा बाजारात उभी राहिली की मला एक पोस्टकार्ड टाका.