पेन स्टेटची जर्सी हवी की खेळायला मिळणारं कोर्ट?

(न्यू जर्सीतून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी हायस्कूलच्या ज्युनिअर वर्षात (अकरावीत) आहे, क्लबकडून लिबेरो, म्हणजे फक्त बचावासाठी खेळणारी खेळाडू, म्हणून खेळते. शिष्यवृत्ती नसली तरी चालेल, वॉक-ऑन, म्हणजे बिनशिष्यवृत्तीची खेळाडू, म्हणून पेन स्टेट विद्यापीठाच्या महिला व्हॉलीबॉल संघात जायचंच, असा तिचा हट्ट आहे. एका छोट्या डिव्हिजन थ्री, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीतल्या, कॉलेजच्या प्रशिक्षकांनी मात्र तिला स्वतःहून फोन केला. वडिलांना वाटतं, आता खेळ पुरे, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगची तयारी कर.)

ताई,

मुलीने भिंतीवर पेन स्टेटच्या विजेतेपदांची सालं लिहून ठेवली आहेत, असं तुम्ही लिहिलंत. १९९९, २००७, २००८, २००९, २०१०, २०१३, २०१४, २०२४. यादी बरोबर आहे. या सालांच्या मधल्या काळात काय झालं, तेही तिला वाचायला सांगा.

रस रोझ १९७९ साली तिथे प्रशिक्षक झाले आणि पहिलं विजेतेपद आलं ते वीस वर्षांनी. त्याआधी १९९३, १९९७ आणि १९९८ अशा तीन अंतिम सामन्यांत संघ हरला होता. पुढे २००७ पासून लागोपाठ चार विजेतेपदं आली. २००८ मध्ये तर उपांत्य सामन्यात नेब्रास्काने दोन सेट घेईपर्यंत या मुलींनी हंगामभर एकही सेट गमावला नव्हता. सलग १०९ सामने जिंकल्यावर सप्टेंबर २०१० मध्ये स्टॅनफर्डने त्यांना हरवलं, तरी त्याच डिसेंबरात चषक पुन्हा त्यांच्याकडेच आला. २०१४ नंतर मात्र दहा वर्षं कोरडी गेली.

२०२४ च्या उपांत्य सामन्यात संघ नेब्रास्काविरुद्ध दोन सेटनी मागे होता. तिथून तो ३-२ ने जिंकला आणि अंतिम सामन्यात लुईव्हिलला त्यांच्याच शहरात ३-१ ने हरवलं. प्रशिक्षक केटी शूमाकर-कॉली १९९९ च्या विजेत्या संघात खेळल्या होत्या. त्या हंगामात त्यांच्यावर स्तनाच्या कर्करोगाचे उपचार सुरू होते. व्हॉलीबॉलमध्ये डिव्हिजन वनचं, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं, विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला मुख्य प्रशिक्षक. हे लिहिताना आजही माझा गळा दाटून येतो. तुमच्या मुलीला हा संघ का भुरळ घालतो, हे मला पूर्ण कळतं.

आता कटू वाटेल ते सांगते. सोफोमोर वर्ष (दहावी) संपल्यावर १५ जूनपासून प्रशिक्षक मुलींशी थेट बोलू शकतात. ज्युनिअर वर्षात असूनही पेन स्टेटकडून काहीच आलं नसेल, तर तिथल्या यादीत तिचं नाव बहुधा नाही. त्यात वॉक-ऑनच्या जागा आटल्या आहेत. पूर्वी डिव्हिजन वनच्या संघाला १२ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, पण त्यापलीकडे बिनशिष्यवृत्तीच्या मुली घेता येत. कॉलेज खेळांबाबतच्या २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर त्यात सामील झालेल्या विद्यापीठांसाठी संघच १८ जणींचा केला गेला. लिबेरोच्या जागा मुळात मोजक्या, आणि रिकामी झालेली जागा ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) दुसऱ्या विद्यापीठाची अनुभवी खेळाडू भरून काढते. जागा मिळालीच, तरी चार वर्षं बाकावर बसायची तयारी लागेल.

बाकावर बसण्यात कमीपणा नाही. रोज सरावात जीव तोडून सर्व्हिस उचलणाऱ्या मुलींवरच मोठे संघ उभे राहतात. पण तुमच्या मुलीला इंजिनीअरिंगही करायचं आहे. हंगामात आठवड्याला २० तासांपर्यंत सराव आणि सामने, शिवाय बिग टेन (पेन स्टेट ज्यात खेळतं तो विद्यापीठांचा गट) आता लॉस एंजेलिस-सिएटलपर्यंत पसरल्यामुळे लांबलांबचे विमानप्रवास. लॅब बुडणार, परीक्षा हॉटेलात बसून द्याव्या लागणार. खेळायला मिळत असेल तर मुली हे आनंदाने सोसतात. मिळत नसेल, तर दुसऱ्या वर्षात खेळ तरी सुटतो नाहीतर शाखा बदलते. असं होताना मी पाहिलं आहे.

ज्या कॉलेजने फोन केला, त्याला डिव्हिजन थ्री म्हणून हलकं समजू नका. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पण गुणांवर आणि घरच्या उत्पन्नावर मदत मिळते, ती कधी कधी भरघोस असते. खेळाचा दर्जाही पाहण्यासारखा असतो. पेन स्टेटपासून फार दूर नसलेल्या हंटिंग्डनच्या जुनिआटा कॉलेजने २०२२ आणि २०२३ मध्ये डिव्हिजन थ्रीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मात्र बऱ्याच छोट्या कॉलेजांत इंजिनीअरिंग नसतं, फक्त कॉम्प्युटर सायन्स असतं. हे आधी विचारा. आणि त्या प्रशिक्षकांना मुलीने स्वतः विचारावं: सध्या लिबेरो किती, त्या कोणत्या वर्षात आहेत, गेल्या तीन वर्षांत किती मुलींनी संघ सोडला आणि का.

यजमानांना सांगा, खेळ थांबवायची गरज नाही. पेन स्टेटला इंजिनीअरिंगसाठी प्रवेश घेऊन तिथल्या क्लब संघातून खेळणं हा तिसरा रस्ता आहे. क्लब संघ दुसऱ्या विद्यापीठांशी सामने खेळतात आणि अभ्यासाला वेळही उरतो. माझं मत विचाराल तर पहिली पसंती डिव्हिजन थ्रीला, तिथे हवी ती शाखा असेल तर. नसेल, तर हा क्लबचा रस्ता. मुख्य संघाच्या वॉक-ऑनच्या भरवशावर कॉलेज निवडू नये.

ऑगस्टअखेर हंगाम सुरू होईल. तिला पेन स्टेटच्या रेक हॉलमध्ये एक सामना दाखवा, तिकिटं बाकाच्या जवळची काढा. त्या दिवशी तिने फक्त न खेळणाऱ्या मुलींकडे बघावं, वॉर्म-अपपासून शेवटच्या गुणापर्यंत. परत येताना गाडीत ती काय म्हणते, ते मला नक्की कळवा.