ती चिठ्ठी कुठे आहे?

ताई, सप्रेम सलाम.

आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. मी मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, पंच आहे, उपासना चालवतो, लोकांनी पेटीत टाकलेल्या प्रार्थनेच्या विनंत्याही मीच सगळ्यांसमोर वाचतो. पत्नी लहानपणापासून विश्वासात वाढलेली. पण गेलं वर्षभर ती एका प्रसिद्ध गायिकेच्या नादी लागली आहे. ही बाई पॉडकास्टवर ध्यान शिकवते, ‘विश्वाकडे मागा, विश्व देईल’ म्हणते. पत्नी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कानात हेडफोन घालून तेच ऐकते. उशाखाली कसलासा गुलाबी दगड ठेवते. वहीत ‘विश्वा, तुझे आभार’ असं लिहिलेलं मी पाहिलं. खोट्या संदेष्ट्यांबद्दलची वचनं वाचून दाखवली, तर ऐकून घेते आणि गप्प बसते. मध्यंतरी झोप येत नाही म्हणून तिने विनंतीची चिठ्ठी टाकली होती; पंचाच्याच घरची गोष्ट चारचौघांत कशाला, म्हणून मी ती वाचली नाही. या सेलिब्रिटींनी अध्यात्माचा बाजार मांडलाय. नाही म्हणायला काही चांगलेही असतात. अमेरिकी रॅपर कान्ये वेस्ट ख्रिस्ताकडे वळला तेव्हा मी तरुण संघात त्याची गाणी लावली होती. पत्नीला या खड्ड्यातून बाहेर कसं काढू?

– काळजीत पडलेला पती

बंधू,

त्या चिठ्ठीत नेमकं काय लिहिलं होतं?

गायिकेबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंत, दगडाचा रंगसुद्धा सांगितलात. चिठ्ठीला मात्र एकच वाक्य, तेही जाता जाता. मी तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तिथेच अडले.

ती तुमच्याच घरात राहते. झोप येत नाही हे तिला जेवताना सांगता आलं असतं, आणि माझी खात्री आहे की तिने सांगितलंही असणार, ‘प्रार्थना कर, होईल ठीक’ हे उत्तरही मिळालं असणार. मग तिने कागद घेतला, लिहिलं, घडी घातली आणि उपासनेआधी तो पेटीत टाकला. चिठ्ठ्या कोण वाचतो हे तिला ठाऊक होतं. ती बाकावर बसून राहिली. तुम्ही कुणाच्या गुडघ्याची विनंती वाचलीत, कुणाच्या परीक्षेची, कुणाच्या नोकरीची. एकेक कागद उलगडताना ती पाहत होती. मग तुम्ही ‘आमेन’ म्हणालात. सगळ्यांबरोबर तीही म्हणाली असेल, सवयीने.

त्या दिवशी घरी जाताना दोघं काय बोललात? हे तुम्ही लिहिलेलं नाही.

आणखी एक. ‘मध्यंतरी’ हा शब्द फार सोयीचा आहे. चिठ्ठी आधी की गायिका आधी? मी तरी पैजेवर सांगते, चिठ्ठी आधी. गायिकेमुळे ती दोन वाजेपर्यंत जागते असं तुम्ही धरून चाललात. अहो, ती आधीपासूनच जागी होती. जागेपणी कानाशी कुणाचा तरी आवाज हवा होता, आणि तुमचा तर घोरण्याचा येत होता. (रागावू नका. एकोणीस वर्षांच्या संसारात तेवढं माहीत असतंच.)

आता तुमच्या बाजाराबद्दल. तो आहे, आणि तो काही आजचा नाही. १९६८ मध्ये इंग्लंडचे प्रसिद्ध गायक बीटल्स महर्षी महेश योगींकडे ऋषिकेशला गेले आणि पाश्चात्त्य जगातली तरुण मुलं ध्यानाच्या मागे लागली. २००८ मध्ये अमेरिकी टीव्हीवरच्या ओप्रा विन्फ्रीने अध्यात्मावर लिहिणाऱ्या एकहार्ट टोले यांच्याबरोबर दहा आठवडे ऑनलाइन वर्ग घेतले, जगभरातून लाखो माणसं त्यात बसली. नावाजलेला माणूस देवाच्या वाटेबद्दल बोलला की लोक वळून बघतात. पण वळून बघणं वेगळं आणि रोज रात्री थांबणं वेगळं. ही माणसं ‘मी’ म्हणून बोलतात: मी कोसळले होते, मी रडत होते, मलाही झोप नव्हती. आपल्याकडे कुणी ‘कशा आहात?’ विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘प्रभूची कृपा आहे.’ एकदा मोजून बघा, गेल्या वर्षभरात व्यासपीठावरून तुम्ही स्वतःबद्दल किती वाक्यं बोललात.

त्या गायिकेची शिकवण मला पटते असं समजू नका. विश्व हे निर्माण केलेलं आहे, ते कुणाचं ऐकत नाही. शिवाय त्या शिकवणीत एक क्रूर गोम आहे: मागितलेलं मिळालं नाही तर दोष मागणाऱ्याचा, तुझी श्रद्धा कमी पडली. हेच वाक्य बायबल हातात धरून बोलणारे आपल्यातही आहेत, तेव्हा फार ताठ मानेने बोलू नये.

आणि कान्ये वेस्ट! ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याने येशूच्या नावाने अख्खा अल्बम काढला, तुम्ही तो मुलांना ऐकवलात. डिसेंबर २०२२ मध्ये तोच माणूस एका मुलाखतीत हिटलरबद्दल चांगलं बोलला. तेव्हा तरुण संघाला काय सांगितलंत? बायबलात प्रेषित पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, बजावतो की मंडळीचा अध्यक्ष नवशिका नसावा, गर्वाने फुगून पडेल. नव्याने वळलेल्या माणसाला काही वर्षं शांत बसायला जागा लागते. आपण त्याच्या हातात माईक देतो, कारण नाव मोठं. म्हणजे बाजाराला तुमची ना नव्हती, दुकान आपलं असलं की झालं.

प्रसिद्ध गायकाचंच ऐकायचं असेल तर आसाफाचं ऐका. बायबलातल्या दावीद राजाच्या काळातला तो नामांकित गवई. स्तोत्र ७७ उघडा. देवा, तू माझे डोळे मिटू देत नाहीस, मी इतका व्याकुळ आहे की बोलवत नाही, असं तो म्हणतो. पुढे तर विचारतो, देव कृपा करायला विसरला काय? त्या स्तोत्राच्या मथळ्यात ‘मुख्य गवयासाठी’ असं लिहिलंय. म्हणजे त्या माणसाची उडालेली झोप चारचौघांत गायची होती. घरची गोष्ट म्हणून कुणी ती खिशात घातली नाही.

खिशातच घातलीत ना तुम्ही? की बायबलात?

शोधा. आज रात्रीच. वचनं दाखवू नका, हेडफोन काढायला लावू नका, दगड आहे तिथे राहू द्या, वहीला तर हातही लावू नका. चिठ्ठी तिच्यासमोर ठेवा आणि म्हणा, ‘ही मी वाचली नाही, मला लाज वाटली.’ लाज हाच शब्द वापरा, ‘योग्य वाटलं नाही’ वगैरे नको. मग येत्या रविवारी वाचू का, असं तिला विचारा. हो म्हणाली तर सगळ्यांत आधी तीच वाचा, तिचं नाव घेऊन, ‘माझी पत्नी’ म्हणून. नाही म्हणाली तर स्वतःच्या नावाची चिठ्ठी लिहा आणि ती वाचा. पंचाला झोपेची नाही तर कसली तरी विनंती असेलच की. वर्षभर झोप नाही म्हणजे डॉक्टरही लागेल. तिथे तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा.

आणि चिठ्ठी फेकून दिली असेल तर तसं तिला सांगा. नवा कागद घ्या, ती सांगेल ते तुमच्या अक्षरात उतरवून घ्या. रात्रीचे दोन वाजले तरी चालतील, ती जागीच असते.

– तुमची ताई